विश्लेषण : जुनी टर्बो कार घरीच दुरुस्त करावी का? हात कुठवर घालावा?

पुण्याजवळच्या रांजणगावात तयार झालेली फियाटची ‘अबार्थ पुंटो’ २०१५ मध्ये बाजारात आली. १.४ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ पीएस ताकद आणि दहा लाखांच्या आतली एक्स-शोरूम किंमत यामुळे ती वेगप्रेमींची लाडकी ठरली. त्याआधी २०१३ मध्ये चाकणच्या फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयने आणि त्याहीपूर्वी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसने हाच नाद लावला होता. आज या गाड्या जुन्या बाजारात नोकरदार तरुणांच्या आवाक्यात आहेत. मात्र गाडी आवाक्यात आली म्हणजे तिचा सांभाळही आवाक्यात येतो असे नाही. म्हणूनच अनेकजण स्वतःच पाना हाती घेतात.

घरीच काम करण्याची वेळ का येते?

भारतात बीएस-६ निकष १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. त्याआधीच फियाटच्या गाड्यांची विक्री थांबली होती. त्यामुळे सुटे भाग शोधणे आणि टर्बोची जाण असलेला मेकॅनिक गाठणे, ही दोन्ही कामे मालकाच्या अंगावर पडली. कुर्ल्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी रस्त्याच्या कडेलाही दुरुस्त होत असे, कारण तिचा कार्ब्युरेटर डोळ्यांना दिसत होता. टर्बो गाडीतला निम्मा कारभार संगणक आणि सेन्सर चालवतात. इथे अंदाजाने केलेली दुरुस्ती महागात पडते. त्यात कळव्यासारख्या ठिकाणी बहुतेकांकडे स्वतःचे गॅरेज नसते. सोसायटीचे पार्किंग हीच कार्यशाळा!

टर्बो इंजिनाची नस कोणती?

ऑइल. बाहेर जाणारा तप्त धूर टर्बोची चक्री फिरवतो आणि त्याच दांड्यावरची दुसरी चक्री इंजिनात जादा हवा कोंबते. हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो आणि तो तरंगतो ऑइलच्या पातळ थरावर. ऑइल जुने, कमी किंवा चुकीच्या ग्रेडचे असेल, तर सर्वात आधी टर्बोचे बेअरिंग जाते. ठाणे-बेलापूर रस्त्यावर किंवा मुंब्र्याच्या कोंडीत रोज रखडणाऱ्या गाडीचे किलोमीटर कमी दिसतात, पण इंजिन तासन् तास तापत असते. अशा वापरात ऑइल ठरलेल्या मुदतीच्या आधीच बदलणे शहाणपणाचे. जोरात गाडी चालवून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवावे. यासाठी दमडीही लागत नाही.

घरी कोणती कामे करता येतात?

ऑइल व फिल्टर बदलणे, एअर फिल्टर, स्पार्क प्लग, बॅटरी, कूलंटची पातळी आणि टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी पाइपांची तपासणी. गाडीची ताकद अचानक कमी वाटली की टर्बो गेला असे समजू नये. बऱ्याचदा चिरलेला पाइप किंवा सैल क्लॅम्प निघतो. मोबाइलला जोडता येणारा ओबीडी स्कॅनर संगणकाने नोंदवलेले दोष दाखवतो. मात्र तो लक्षण सांगतो, कारण नव्हे. कोड पाहून थेट महागडा सेन्सर बदलणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक.

काही कामे मात्र जाणकारावरच सोपवावीत. टायमिंग बेल्ट त्यातला पहिला. गाडी कमी चालली तरी रबर वयानुसार कमकुवत होते आणि बेल्ट तुटल्यास व्हॉल्व्ह व पिस्टन एकमेकांवर आदळू शकतात. ब्रेक आणि इंधनाच्या दाबाखालच्या नळ्याही याच यादीत येतात. गाडी फक्त जॅकवर उचलून तिच्याखाली शिरणे म्हणजे जिवाशी खेळ. मजबूत स्टँड, सपाट जमीन आणि चाकांना अडणी यांना पर्याय नाही. पावसाळ्यात आणखी एक पथ्य आहे. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी तुंबले असेल तर गाडी त्यात घालू नये. हवेच्या वाटेने पाणी इंजिनात शिरले, तर सगळी देखभाल पाण्यात जाते.

ताकद वाढवण्याचे काय?

संगणकातील प्रोग्राम बदलून टर्बोचा दाब वाढवणे म्हणजे ‘रिमॅप’. लॅपटॉपवर काही वेळातच होणारे हे काम वरकरणी स्वस्त वाटते. पण वाढलेला टॉर्क क्लच, गिअरबॉक्स आणि दहा वर्षे जुन्या पाइपांनाच झेलावा लागतो. म्हणून क्रम ठरलेला असावा : आधी इंजिनाची तब्येत, मग टायर आणि ब्रेक, ताकद सर्वात शेवटी.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर, बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय अपघातानंतर विमा कंपनीने लपवलेल्या बदलांवर बोट ठेवले, तर दावाच अडचणीत येऊ शकतो.

जुने ऑइल जाते कुठे?

हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते. कळव्यातील गटारात ओतलेले ऑइल ठाणे खाडीकडेच जाणार आणि या खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ मध्ये ‘रामसर’ दर्जा मिळाला आहे. ऑइल डब्यात साठवून, वापरलेले ऑइल अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी देणाऱ्या गॅरेजकडे सोपवणे एवढे तर घरच्या मेकॅनिकला जमायलाच हवे.

मार्ग काय?

सरसकट बंदीने हौस थांबत नाही, ती लपून चालते. सीएनजी किटबाबत व्यवस्था आधीच आहे : चाचणी झालेले, मान्यताप्राप्त किट बसवायचे आणि आरटीओत नोंद करायची. हीच वाट जुन्या गाड्यांसाठी चांगले ब्रेक, सस्पेन्शन आणि मर्यादित इंजिन-बदल यांना का खुली करू नये? पुण्यात ‘एआरएआय’सारखी चाचणी संस्था असताना महाराष्ट्राने याचा आग्रह केंद्राकडे धरायला हवा. उत्पादकांनीही बंद केलेल्या मॉडेलचे सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती दीर्घकाळ उपलब्ध ठेवली पाहिजे. तोवर मालकाने एवढे तरी पाळावे : प्रत्येक कामाची तारीख, किलोमीटर आणि बिल वहीत लिहून ठेवावे, आणि ब्रेक तपासल्याशिवाय रिमॅपचा विचारही करू नये. ही गाडी ट्रॅकवर नाही, शाळेच्या बसशेजारून धावते.