सांगितलं नाही तर जेल, सांगितलं तर काम गेलं

आश्रमशाळेत, वसतिगृहात एखाद्या लेकरावर अत्याचार झाला तर आधी कुणाला कळतं? भाकरी थापणाऱ्या बाईला, रात्रीच्या चौकीदाराला, नाहीतर अधीक्षिकेला. संस्थाचालक तर पंधरा ऑगस्टला येणार!

2012 च्या पोक्सो कायद्याचं कलम 19 सांगतं, कळलं की पोलिसांना कळवा. हे शिपायालाही लागू. गप्प बसलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचं प्रकरण दाबलं तर एक वर्षापर्यंत.

ही नुसती कागदावरची भीती नाही मंडळी. राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींचं 2019 चं प्रकरण आठवा. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरने कळवलं नाही म्हणून गुन्हा दाखल झाला, हायकोर्टाने तो रद्द केला. नोव्हेंबर 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाचा निकाल फिरवला. माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा, असं कोर्ट म्हणालं. 2024 ला बदलापुरातही शाळेच्या कारभाऱ्यांवर याच कारणाने गुन्हा लागला.

आता दुसरी बाजू बघा. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होणार नाही, एवढं कायद्यात आहे. पण त्याला कामावरून काढू नये, असं त्यात कुठंच नाही. खाजगी शाळेतल्या कायम शिक्षकाला 1977 च्या कायद्याने शाळा न्यायाधिकरणाचा दरवाजा तरी आहे. कंत्राटी स्वयंपाकीणबाईचं काय? तिला कुणी काढतच नाही. पुढची ऑर्डर निघत नाही, बस्स. कागदावर 'मुदत संपली' एवढंच. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा 2014 ला झाला, तो अजून लागूच केलेला नाही. आणि तो आहे सरकारी नोकरांच्या गैरकृत्यांपुरता.

म्हणून निदान एवढं करा. फक्त हेडमास्तरला सांगून थांबू नका, कायद्याने पोलिसांनाच कळवायचं आहे. पोलिसांनी ते लिहून घेऊन नोंद क्रमांक टाकायचा आणि वाचून दाखवायचं, हेही कायद्यातच आहे. तो क्रमांक आणि तारीख मागून घ्या, जपून ठेवा. पुढे काम गेलं, तर तक्रार आधी आणि घरी बसवणं नंतर, हे तारखेवरूनच दिसेल. रात्रीबेरात्री 1098 किंवा 112 लावा.

सरकारला एक जीआर काढणं अवघड नाही. अशी माहिती देणाऱ्या कंत्राटी माणसाची ऑर्डर जिल्हाधिकाऱ्यांच्या चौकशीशिवाय थांबवायची नाही, आणि थांबवली तर संस्थेचं अनुदान थांबेल.