खेळ आणि खेळाडू : माणदेशची ललिता आणि पस्तीस अडथळे

जयपूरच्या जवाहर नगरात राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाला साताऱ्याच्या माण तालुक्याचे वर्णन करून सांगावयाचे झाले, तर फार शब्द खर्चावे लागणार नाहीत. पाऊस थोडा, विहिरीला तळ दिसलेला, आणि पाण्याची वाट पाहण्याची सवय घराघरांत मुरलेली. राजस्थानात राहणाऱ्यांस हे सारे ओळखीचेच आहे. आश्चर्याची गोष्ट ही, की ज्या शर्यतीत धावता धावता पाण्याच्या खड्ड्यात उडी घ्यावी लागते, त्या शर्यतीत नाव कमावणारी माणसे याच कोरड्या मुलखांनी दिली. राजस्थानचे गोपाल सैनी यांनी १९८१ साली टोकियो येथे नोंदविलेला ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम सदतीस वर्षे अबाधित राहिला. २०१८ मध्ये तो मोडला, तोही बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या अविनाश साबळे यांनी. आणि स्त्रियांमध्ये हीच शर्यत जगाच्या अंतिम फेरीपर्यंत घेऊन गेल्या त्या माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर. आज आपण त्यांच्याविषयी बोलणार आहोत.

या शर्यतीचे नाव स्टीपलचेस. भाषांतर करणाऱ्याची येथे थोडी पंचाईत होते, कारण ‘अडथळ्यांची शर्यत’ म्हणावे तर त्याच नावाची दुसरी, कमी अंतराची शर्यत डोळ्यांपुढे येते. म्हणून इंग्रजी शब्दच राहू द्यावा हे बरे. एका गावच्या चर्चच्या शिखरापासून दुसऱ्या गावच्या शिखरापर्यंत वाटेतील कुंपणे आणि ओढे ओलांडीत घोडे पळविण्याची जी चाल ब्रिटिश बेटांत होती, तिचेच हे मैदानी रूप. अंतर तीन हजार मीटर. त्यात अठ्ठावीस वेळा लाकडी अडसर आणि सात वेळा पाण्याचा अडथळा, असे एकूण पस्तीस अडथळे. हे अडसर धक्का लागताच आडवे होणारे नव्हेत. एकेकाचे वजन ऐंशी ते शंभर किलो असते. पाय अडखळला तर पडतो तो धावणारा, अडसर नव्हे. पाण्याचा खड्डा अडसराला लागून सर्वांत खोल असतो आणि पुढे चढत जाऊन धावपट्टीला मिळतो. जो लांब उडी घेईल त्याचा पाय उथळ पाण्यात पडतो. थकलेल्याची उडी आखूड होते आणि तो खोल पाण्यात उतरतो. थकव्याची शिक्षा अशी तेथल्या तेथे मिळते.

२ जून १९८९ रोजी शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या ललिता बाबर मुळात लांब पल्ल्याच्या धावपटू. २००५ मध्ये पुण्यात वीस वर्षांखालील गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळविले, तेव्हा त्यांचे वय सोळाच्या आसपास होते. पुढे त्या रेल्वेच्या सेवेत दाखल झाल्या. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय स्त्रियांत त्या सलग तीनदा पहिल्या आल्या. जानेवारी २०१५ मधील तिसऱ्या विजयाची वेळ होती २ तास ३८ मिनिटे २१ सेकंद. लोकांनी त्यांना ‘माणदेशी एक्सप्रेस’ म्हणावयास सुरुवात केली होती. पुष्कळांनी येथे समाधान मानले असते, आणि त्यात गैर काही नव्हते.

परंतु २०१४ च्या आरंभीच त्यांनी स्टीपलचेसकडे मोर्चा वळविला होता. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत वैयक्तिक पदक मिळवावे, ही त्यामागची ओढ. हा निर्णय वाटतो तितका सोपा नाही. मॅरेथॉनचे सारे बळ एका लयीत असते. पाऊल आणि श्वास यांची सांगड एकदा बसली की ती कोसच्या कोस सांभाळावयाची. स्टीपलचेस ही लय दर काही पावलांनी मोडते आणि धावणाऱ्याने ती दर वेळी नव्याने बांधावी अशी अपेक्षा करते. वर्षानुवर्षे अंगी बाणविलेली सवय पंचविशीत बदलावयाची होती. बेलारूसचे प्रशिक्षक निकोलाय स्नेसारेव्ह यांच्या कठोर शिस्तीत ते काम झाले.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दक्षिण कोरियातील इंचॉन येथे आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. ललितांनी ९ मिनिटे ३५.३७ सेकंदांत शर्यत पुरी करून सुधा सिंग यांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. सुधा सिंग स्वतः त्यांच्या अगदी मागोमाग आल्या. पहिल्या आलेल्या बहारीनच्या रूथ जेबेट यांनी धावपट्टीची आतली कड ओलांडल्याचा ठपका येऊन त्या प्रथम बाद ठरल्या. त्यामुळे ललितांकडे रौप्य आणि सुधा यांच्याकडे कांस्यपदक आले. मात्र अपिलात निर्णय फिरला. जेबेट यांना सुवर्णपदक परत मिळाले, ललितांच्या वाट्यास कांस्य आले आणि सुधा सिंग यांना रिकाम्या हाताने परतावे लागले. अशा वेळी आपण विजेत्यांची नावे लक्षात ठेवतो. मला मात्र त्या चौथ्या क्रमांकाची याद अधिक येते.

पुढची दोन वर्षे म्हणजे सेकंदांचा हिशेब. २०१५ मध्ये चीनमधील वुहान येथे आशियाई अजिंक्यपदाचे सुवर्णपदक, ९ मिनिटे ३४.१३. त्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत ९ मिनिटे २७.८६ आणि अंतिम फेरीत आठवा क्रमांक. ऑगस्ट २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६. म्हणजे दोन वर्षांच्या आत साडेपंधरा सेकंदांहून अधिक बचत झाली. ही बचत पस्तीस अडथळ्यांवर वाटून पाहा : प्रत्येक अडथळ्यामागे अर्धा सेकंदसुद्धा येत नाही. तेवढ्यासाठी दोन वर्षांच्या पहाटा खर्ची पडल्या.

रिओतील अंतिम शर्यत १५ ऑगस्टला होती. १९८४ मध्ये पी. टी. उषा लॉस एंजेलिसला चौथ्या आल्या, त्यानंतर ऑलिंपिकच्या धावपट्टीवर वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी भारतीय स्त्री बत्तीस वर्षांनी दिसत होती. ललिता ९ मिनिटे २२.७४ सेकंदांत दहाव्या आल्या. पदकांच्या तक्त्यात दहाव्या क्रमांकाला रकाना नसतो. परंतु स्त्रियांची ही शर्यत ऑलिंपिकमध्ये आली तीच मुळी २००८ साली, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या क्रमांकाचे मोल कळते. त्याच वर्षी त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.

रिओनंतर त्यांची स्पर्धांची कारकीर्द फार लांबली नाही. महाराष्ट्र शासनाने क्रीडाक्षेत्रातील कामगिरीबद्दल त्यांची उपजिल्हाधिकारी म्हणून नियुक्ती केली आणि परिविक्षेच्या काळात त्यांनी रायगड जिल्ह्यात माणगाव येथे तहसीलदार म्हणून काम पाहिले. दुष्काळी तालुक्यातील मुलगी कोकणच्या भर पावसाच्या तालुक्यात कारभार पाहावयास गेली. स्नेसारेव्ह यांचे ५ मार्च २०२१ रोजी पतियाळा येथे निधन झाले. ललितांचा विक्रम सात वर्षे टिकला. २०२३ मध्ये बुडापेस्ट येथे पारुल चौधरी यांनी ९ मिनिटे १५.३१ सेकंदांत तो मागे टाकला.

ही शर्यत पाहण्याचा योग आला, तर पुढे कोण आहे याकडे थोडा वेळ दुर्लक्ष करा आणि अखेरच्या फेरीत नजर पाण्याच्या अडथळ्यावर ठेवा. कोणाचा पाय उथळ पाण्यात पडतो आणि कोणाचा खोल, ते तेथे स्वच्छ दिसते.