‘हे इतिहासातच आहे’ एवढ्यावर सुटका नाही

२०२५च्या फेब्रुवारीत मी साताऱ्यात ‘छावा’ पाहिला. शेवटचा छळाचा भाग सुरू झाला तेव्हा थेटरात कुणी पॉपकॉर्नला हात लावत नव्हतं. शेजारचे काका हुंदके देत होते. माझेही डोळे भरून आले. दिवे लागले आणि घोषणा सुरू झाल्या. संभाजीराजांचे चिरंजीव शाहू महाराज ज्या गावातून राज्य करत होते, त्या गावात हे होणारच. त्यात वावगं काहीच नाही.

पण जिना उतरता उतरता सूर बदलला. जयजयकाराच्या जागी शिव्या आल्या, आणि त्या औरंगजेबाला नव्हत्या. तो १७०७ साली मेला. शिव्या होत्या आजच्या, आपल्याच पेठेत राहणाऱ्या माणसांना.

५ मार्चला राखेचा बुधवार आला, आम्हा कॅथॉलिकांचा उपवासकाळ सुरू झाला. त्या शुक्रवारी सांगलीत चर्चमध्ये क्रूसाच्या वाटेच्या भक्तीला गेलो. चौदा स्थानं असतात. प्रत्येक ठिकाणी थांबायचं, गुडघे टेकायचे. फटके, काटे, खिळे, सगळं आठवायचं. आणि शेवटी मारणाऱ्यांचा सूड नाही मागायचा, स्वतःच्या पापांची क्षमा मागायची. गुडघ्यावर असताना मला तो जिना आठवत राहिला. एका निरपराध माणसाच्या यातना पाहून आपण उठतो, तेव्हा नक्की काय घेऊन उठतो?

माझ्या मते श्रद्धेच्या नजरेने सिनेमा बघणं म्हणजे हा प्रश्न विचारणं. पण हे म्हटलं की दोन बाजूंनी हसू येतं. पुरोगामी मित्र म्हणतात, रिव्ह्यूमध्ये धर्म कशाला आणतोस? पटकथा बघ, कॅमेरा बघ. आणि आमच्या पॅरिशचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप म्हणतो, चुंबनं किती आहेत ते सांग, आपल्या फादरची टिंगल केलीय का ते सांग. २००६ साली ‘द दा विंची कोड’वर बंदी मागायला आपले लोक रस्त्यावर आले होते. शेवटी तो प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र आणि ‘हे सगळं काल्पनिक आहे’ अशी पाटी लावून लागला. कुणाची श्रद्धा त्याने बुडाली? भावना दुखावल्याची तक्रार म्हणजे समीक्षा नव्हे. ती करायला श्रद्धा लागत नाही, फक्त गर्दी लागते.

व्हॅटिकनने १९९५ साली सिनेमाची शंभरी साजरी करताना ४५ चित्रपटांची यादी काढली. तिच्यात पासोलिनीचा येशूवरचा सिनेमा आहे. पासोलिनी नास्तिक आणि मार्क्सवादी होता. म्हणजे ‘आपला की परका’ ही कसोटी खुद्द चर्चलाही पुरली नाही.

मग कसोटी कुठली? ती आम्हाला फुकट मिळालेली नाही. युरोपात शतकानुशतकं येशूच्या मरणाची नाटकं होत आली. लोक रडायचे, आणि रडून झाल्यावर गावातल्या ज्यूंकडे बघायचे. ‘यांनीच मारलं.’ जर्मनीतल्या ओबरामरगाऊ गावात १६३४पासून असं नाटक होतं. ते हिटलरने दोनदा पाहिलं आणि त्याची तारीफही केली. १९६५ साली, साठ लाख ज्यू मारले गेल्यानंतर, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केलं की येशूच्या मरणाचा दोष सरसकट ज्यूंवर टाकता येणार नाही. फार उशीर झाला होता.

१९८८ साली अमेरिकेतल्या बिशपांनी अशा नाटक-सिनेमांसाठी निकष लिहून काढले. त्यातला मुद्दा मला पाठ आहे: कुणी जबाबदारीने आक्षेप घेतला तर ‘हे बायबलमध्येच आहे’ एवढं सांगून निर्मात्याची सुटका होत नाही. काय निवडलं, काय गाळलं, गर्दीला एकच चेहरा दिला का, याचा हिशेब द्यावा लागतो. मेल गिब्सनच्या ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’वर २००४ साली वाद झाला तो याच कारणाने.

आता ‘बायबल’च्या जागी ‘इतिहास’ घाला.

‘छावा’वर बोललं की पहिलं उत्तर येतं, ‘हे इतिहासातच आहे.’ आहेच. राजांचे हाल झाले, त्यांनी मान तुकवली नाही. हुतात्म्यांना वेदीवर ठेवणाऱ्या कॅथॉलिकाला त्याचं मोल वेगळं सांगायला नको. विकी कौशलचं कामही मनापासूनचं आहे. माझं भांडण यातना दाखवण्याशी नाही. कॅमेरा जखमेवर इतका वेळ रेंगाळतो की राजांचं धैर्य मागे पडतं आणि प्रेक्षकाचा संताप तेवढा उरतो, भांडण त्याच्याशी आहे. तो संताप कुठेतरी उतरणार. १७ मार्चला नागपुरात हिंसाचार झाला. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्रीच विधानसभेत म्हणाले की, सिनेमाला दोष देत नाही, पण त्याने औरंगजेबाविरुद्धचा राग वर आणला.

आमच्या सांगली जिल्ह्याला हे नवीन नाही. मिरज अब्दुल करीम खाँसाहेबांची, तंबोरे-सतारी घडवणाऱ्या कारागिरांची. त्याच मिरजेत २००९च्या गणपतीत अफझलखान वधाच्या कमानीवरून दंगल पेटली. विधानसभा निवडणूक तोंडावर होती. चित्र दंगल करत नाही, माणसं करतात, हे खरं. पण माचिस आपण आणून ठेवायची आणि ‘काडी दुसऱ्याने ओढली’ म्हणायचं? आमच्या कंपनीत ‘माझ्या मशीनवर चालतंय’ म्हणणाऱ्याला कुणी सोडत नाही. लोकांच्या हातात गेल्यावर काय झालं, ते विचारतात.

उद्या गोव्याच्या इन्क्विझिशनवर सिनेमा येऊ दे. १५६० ते १८१२, धर्माच्या नावाने केलेला छळ, सगळा खरा. तो यावा आणि आम्ही तो मान खाली घालून पाहावा, असं मला वाटतं. पण त्यात प्रत्येक क्रूस शत्रूचाच दिसला, तर थेटरातून निघालेली गर्दी लिस्बनला जाणार नाही. ती सांगलीच्या चर्चच्या फाटकापर्यंत येईल. तेव्हा ‘इतिहासातच आहे’ हे उत्तर मला चालेल का? नसेल, तर आज मिरजेतल्या माझ्या मित्राला मी ते कुठल्या तोंडाने देऊ? तो थेटरात आलाच नाही. ‘ओटीटीवर आला की बघेन,’ म्हणाला. घरात, दार लावून.

बंदी मला नको. बंदीने सिनेमा मोठा होतो आणि आपण लहान. पण रिव्ह्यू लिहिताना स्टार देण्याआधी तिकीटबारीकडे एकदा बघा. मित्रांच्या घोळक्यातला कोण आज आला नाही? त्याची रिकामी खुर्चीही त्या सिनेमाचाच भाग आहे.