चित्राखालची पाटी आणि ऋणनिर्देश

'आभार' आणि 'ऋण' हे दोन शब्द मराठीत शेजारीशेजारी नांदतात, पण त्यांचा स्वभाव एक नाही. आभार मानले जातात, प्रदर्शित केले जातात, आणि समारंभाच्या अखेरीस श्रोते चपला शोधू लागलेले असताना उरकलेही जातात. ऋण असे उरकता येत नाही. त्याचा निर्देश करायचा आणि मग त्यात राहायचे, अशीच आपली भाषा आहे. अमेरिकेतील थँक्सगिव्हिंगच्या सणाकडे, आणि त्या निमित्ताने तेथील विद्यापीठीय कलासंग्रहांकडे, या भेदाच्या आधारे पाहता येईल असे मला वाटते.

सणाचा इतिहास थोडक्यात असा. १६२१ साली प्लिमथ येथे इंग्रज वसाहतकार आणि वाम्पानोआग लोक यांनी एकत्र घेतलेले सुगीचे जेवण ही त्यामागची कथा. लिंकनने १८६३ साली, यादवी युद्ध चालू असताना, राष्ट्रीय आभारदिनाची घोषणा केली. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार हा दिवस कायद्याने निश्चित झाला तो १९४१ साली. आणि १९७० पासून त्याच दिवशी त्याच प्लिमथमध्ये मूलनिवासी लोक राष्ट्रीय शोकदिन पाळत आले आहेत. एका गावात, एका दिवशी, एक समूह मिळाले त्याबद्दल आभार मानतो आणि दुसरा गेले त्याची आठवण देतो.

कलासंग्रहात काम करणाऱ्यांनी या दिवशी कृतज्ञता व्यक्त करायची, तर ती कोणाविषयी? सर्वांत जवळचे उत्तर भिंतीवरच असते. प्रत्येक चित्राशेजारी एक पाटी, आणि पाटीवर शेवटची ओळ : 'अमुक यांची देणगी'. संग्रहालयाची कृतज्ञता या एका ओळीत कायमची कोरलेली असते. ती वर पाहणारी कृतज्ञता आहे. देऊ शकणाऱ्याकडे वळलेली. ती खोटी आहे असे नव्हे, पण अपुरी असू शकते.

येल विद्यापीठाचे उदाहरण घेऊ. तेथील कलादालनाचा आरंभ १८३२ सालचा. चित्रकार जॉन ट्रंबुल याने आपली शंभराहून अधिक चित्रे येल कॉलेजला दिली. याला देणगी म्हणण्याची प्रथा आहे. मात्र बदल्यात त्याला दरसाल १००० डॉलरचे वर्षासन ठरले होते. यात गैर काहीच नाही. वृद्ध कलावंताने पोटाची तजवीज केली, इतकेच. परंतु 'देणगी' या शब्दाखाली एक करारही असतो, हे यावरून दिसते.

विद्यापीठाचे नावसुद्धा एका आभाराचेच स्मारक आहे. मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जचा माजी गव्हर्नर एलिहू येल याने १७१८ साली नऊ गठ्ठे माल, ४१७ पुस्तके आणि राजा पहिला जॉर्ज याचे चित्र पाठवले. माल विकून ५६२ पौंड आले आणि कॉलेजला त्याचे नाव मिळाले. येलच्याच ब्रिटिश कला केंद्रात या एलिहूचे एक समूहचित्र आहे. साधारण १७१९ च्या सुमाराचे. टेबलाभोवती श्रीमंत पुरुष बसले आहेत, आणि कडेला एक कृष्णवर्णी मुलगा उभा आहे. त्याच्या गळ्यात धातूची पट्टी आहे आणि तिला कुलूप. हे चित्र डेव्हनशरच्या अकराव्या ड्यूकची देणगी. म्हणजे पाटीने देणाऱ्याचे नाव जपले, चित्राने नामकर्त्याचे रूप जपले. मुलाचे नाव मात्र कोणीच जपले नाही.

२०२० साली हे चित्र भिंतीवरून उतरवले गेले आणि संग्रहालयातील मंडळी संशोधनाला लागली. रंगद्रव्ये तपासली गेली, जुनी कागदपत्रे चाळली गेली. मुलगा दहाएक वर्षांचा असावा, इतपत अंदाज करता आला. नाव हाती लागले नाही. २०२२ साली चित्र पुन्हा लागले ते बदललेल्या शीर्षकासह. आता त्या शीर्षकात 'गुलाम केलेले मूल' आहे. माझ्या मते विद्यापीठीय संग्रहाने व्यक्त केलेली ही खरी कृतज्ञता होय. ज्याच्यावाचून त्या टेबलावरची संपत्ती पुरी सांगता येत नाही, त्याचा तिने निर्देश केला.

येथे एक आक्षेप संभवतो. देणाऱ्याचा भूतकाळ उकरणे हा कृतघ्नपणा नव्हे काय? उद्या कोण देणगी देईल? आक्षेप गंभीर आहे, कारण देणग्यांवाचून हे संग्रह उभेच राहिले नसते. पण विद्यापीठ म्हणजे एखाद्याचे दिवाणखाने नव्हे. जेथे विद्यार्थ्याला आधार तपासायला शिकवतात, तेथे आभार मानताना तपासणी थांबवायची, हा विरोधाभास टिकणारा नाही. न जाणता मानलेले आभार स्तुतीच्या जवळ जातात.

ही दृष्टी खालच्या दिशेनेही वळली पाहिजे. मीरल लाडरमन युकेलीस या कलावतीने १९७३ साली, येलच्याच कनेक्टिकट राज्यात, हार्टफर्ड येथील वॉड्सवर्थ अथेनियममध्ये एक प्रयोग केला. ममी ठेवलेली काचपेटी रोज झाडूवाला पुसत असे. युकेलीसने ती स्वतः पुसली आणि त्या पुसण्यावर कलाकृतीचा शिक्का मारला. त्यासरशी पेटी पुसण्याचा अधिकार झाडूवाल्याकडून संवर्धकाकडे गेला. काच तीच, फडके तेच, प्रतिष्ठा मात्र वेगळी. पुढे १९७९-८० मध्ये न्यूयॉर्कच्या ८५०० सफाई कामगारांशी तिने एकेक करून हस्तांदोलन केले आणि प्रत्येकाचे आभार मानले. याला सुमारे वर्ष लागले. 'सर्व कर्मचारी वर्गाचे आभार' हे वाक्य उच्चारायला काही क्षण पुरतात. फरक त्या वर्षात आहे.

अर्थात हस्तांदोलनाने पगार वाढत नाही. रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला, कंत्राटी सहायकाला सणाच्या आधी गोड पत्र द्यायचे आणि सणानंतर कपात करायची, तर ती कृतज्ञता नसून तिचा वापर आहे. नावे नोंदवणे ही सुरुवात. मोबदला आणि नोकरीची शाश्वती हा त्याच ऋणाचा पुढचा हप्ता.

आपण साहित्याचे विद्यार्थी-शिक्षक यापासून दूर नाही. हस्तलिखितांची कापडी बासने सोडून देणारा, धूळ झटकून पोथी पुढ्यात ठेवणारा ग्रंथालयातला माणूस आपल्या प्रबंधात बहुधा 'ग्रंथालयातील कर्मचारी' एवढाच उरतो. मार्गदर्शकांना परिच्छेद, त्याला सामान्यनाम. पुढचा ऋणनिर्देश लिहिताना त्याचे नाव विचारून घ्यावे, आणि ती पोथी मुळात कोणाच्या घरातून, कशी आली हेही.