पाहुणे कायम आम्हीच का?

पोस्ट मोठी आहे. खोपोलीहून लोकल पकडली असेल तर पळसदरी येईपर्यंत वाचून होईल. मधेच सोडू नका आणि अर्धी वाचून शिव्या घालू नका, एवढीच विनंती.

परवा आमच्या कॉलेजच्या कबड्डी संघाचा निकाल गावच्या ग्रुपवर पडला. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, दुसऱ्या सामन्यात बाहेर, चार गुणांनी. पाच मिनिटांत एका शहाण्याने लिहिलं, "आपली पोरं गावात वाघ, शहरात गेली की मांजर." खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. मी काही बोललो नाही, कारण रागात लिहिलेलं नंतर पुसावं लागतं. आज शांतपणे लिहितोय.

मी त्या संघाबरोबर होतो. सराव मीच घेतो. पगार नाही, हौस आहे. त्यामुळे त्या दिवशी काय घडलं ते मला माहीत आहे, इमोजी टाकणाऱ्यांना नाही.

खोपोली ते सीएसएमटी सुमारे ११५ किलोमीटर, कर्जत १००. आम्ही पहाटेची गाडी पकडली. वाड्यांवरून येणाऱ्या तिघांना त्या वेळी ना एसटी ना रिक्षा, म्हणून ते आदल्या रात्रीच स्टेशनजवळ एकाच्या मामाकडे झोपले. लोकलमध्ये दोन तास, बरेचसे उभ्याने. मग बस, मग पायपीट. पोचलो तेव्हा यजमान संघ घरून नाश्ता करून आलेला आणि मॅटवर वॉर्म-अप करत होता. आमचा पहिला सामना नऊला, तो जिंकलो. दुसरा लगेच तासाभरात. यजमानांचा पहिलाच सामना दुपारी बाराला. वेळापत्रक कुणी केलं? यजमानांनीच.

आता मॅट. आमची पोरं मातीवर घडलेली आहेत. मातीवर पाय सरकवून बोनस काढायची सवय असलेला पोरगा मॅटवर बूट अडकून तोंडावर पडतो. बूटही बारा जणांत सात जोड. आत येणारा खेळाडू बाहेर जाणाऱ्याचे बूट घालतो. त्यात डाव्या कोपऱ्याच्या पोराचा पहिल्याच पकडीत घोटा मुरगळला. हा पोरगा भातकापणीच्या दिवसांत घरच्यांशी भांडून आला होता. एवढं होऊन हरलो ते चार गुणांनी. मांजर?

हे एका वर्षाचं असतं तर दुर्दैव म्हणून सोडून दिलं असतं. मी संघाबरोबर जातोय त्याला सहा वर्षं झाली. सहाही वेळा पाहुणे आम्हीच. एकदाही कुणी म्हणालं नाही की यंदा सगळे कर्जतला या, खोपोलीला या.

"चांगला खेळाडू कुठेही खेळतो," हे वाक्य मला आता पाठ झालंय. बोलायला सोपं आहे. मग रणजी बघा. २०२३-२४ चा अंतिम सामना वानखेडेवर झाला, मुंबईने विदर्भाला हरवलं. पुढच्या हंगामात याच दोघांचा उपांत्य सामना नागपूरला झाला, विदर्भाने मुंबईला हरवलं. मग अंतिम सामनाही नागपूरलाच. केरळविरुद्धचा तो सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावाच्या आघाडीवर विदर्भाने करंडक उचलला. वर्षभरात मुंबईवाले खेळ विसरले का? नाही. दोन्ही संघ तगडे, पण मैदान बदललं.

त्याच रणजीत एलिट गटांमध्ये आठ-आठ संघ असतात. प्रत्येकाला साखळीत सात सामने. सात ही विषम संख्या, म्हणजे कुणाला घरचे चार आणि बाहेरचे तीन, कुणाला उलटं. शिवाय प्रत्येकाशी एकदाच गाठ. तगडा संघ तुमच्या घरी येणार की तुम्ही त्याच्या घरी जाणार, यावर बाद फेरीचं तिकीट हलू शकतं. गुणतक्त्यात मात्र हे कुठेच दिसत नाही. २०१६-१७ मध्ये बीसीसीआयने सगळे सामने तटस्थ मैदानांवर खेळवून पाहिले. तक्रारी आल्या, पुढच्या हंगामात पुन्हा घरचे-बाहेरचे सुरू झाले. उपाय सोपा नाही हे मलाही कळतं. पण निदान तिथे प्रश्न आहे हे मान्य तरी केलं गेलं.

आता जरा लांबचं उदाहरण देतो. अमेरिकेत कॉलेज बेसबॉलचं मोठं प्रस्थ आहे. तिथला हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो. तेव्हा उत्तरेकडच्या राज्यांत बर्फ असतो, म्हणून तिकडचे संघ सुरुवातीचे कित्येक आठवडे दक्षिणेत जाऊन परक्या मैदानांवर खेळतात. दक्षिणेतले संघ आरामात घरी. वर्षानुवर्षं क्रमवारीत दक्षिणेचे संघ वर दिसायचे आणि उत्तरेवाल्यांची ओरड तीच होती जी माझी आहे. शेवटी २०१३ पासून हिशोब बदलला. घरचा विजय ०.७ धरायचा, बाहेरचा विजय १.३. पराभवाचं उलटं, घरी हरलात तर १.३ ने फटका, बाहेर हरलात तर ०.७ ने. म्हणजे घरी दहा जिंकलात तर सात, बाहेर दहा जिंकलात तर तेरा. यावरही तिथे वाद आहेत. पण "चांगला खेळाडू कुठेही खेळतो" म्हणून त्यांनी विषय झटकला नाही. प्रवासाला किंमत लावली.

आपल्या कबड्डीचंच घ्या. प्रो कबड्डी २०२५ मध्ये विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली या चारच शहरांत झाली. पुणेरी पलटण आणि यू मुंबा यांना घरचा एकही सामना नाही. अंतिम सामना दिल्लीत, जिंकली दबंग दिल्ली, हरली पलटण. आता कुणी म्हणेल २०२४ चा शेवटचा टप्पा पुण्यात होता, तरी पलटण बाद फेरीत नव्हती, आणि घरचा एकही सामना नसलेली यू मुंबा मात्र होती. बरोबर आहे. घरचं मैदान म्हणजे हमखास विजय नव्हे. ते तराजूत टाकलेलं वजन आहे. माझं म्हणणं एवढंच की ते वजन दरवर्षी एकाच पारड्यात का?

यावर येणारी उत्तरंही माहीत आहेत. "तुमच्याकडे मॅट नाही." मान्य. पण स्पर्धाच येणार नसेल तर मॅटवर खर्च कोण करेल? आणि मॅट काही जमिनीत गाडलेली नसते, टेम्पोत भरून आणता येते. "एवढ्या लांब कोण येणार?" ज्या रुळांवरून आम्ही सहा वर्षं जातोय, ते रूळ उलट्या दिशेनेही जातात. "दोन-चार गुणांनी काय फरक पडतो?" पडतो. या स्पर्धांतून मोठ्या संघाच्या निवडीला नावं जातात. निवड करणारे तुम्हाला त्या एकाच दिवशी बघतात. पुढची प्रमाणपत्रं त्या शिडीवर आहेत, आणि सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण त्या प्रमाणपत्रांवर. घोटा धरून बसलेल्या आमच्या डाव्या कोपऱ्याला त्या दिवशी कुणी बघितलंच नाही. त्याचं हे शेवटचं वर्ष होतं.

आता आपल्यालाही दोन शब्द, कारण नुसतं शहराकडे बोट दाखवणं मला जमत नाही. आपल्या गावागावांतल्या रात्रीच्या कबड्डी स्पर्धांत आपण काय करतो? यजमान मंडळाला पहिल्या फेरीत बाय. लांबून आलेल्या संघाला रात्री दोनपर्यंत बसवून ठेवायचं आणि डोळ्यांवर झोप आली की मैदानात बोलवायचं. पंच आपलाच. मीही आयोजक असताना हे केलंय, तेव्हा "चालतं" म्हणालो होतो. ते चुकलं. जो अन्याय आपण घरी करतो, त्यावर बाहेर बोलायचा हक्क निम्मा होतो.

म्हणून मागण्या दोन्हीकडे आहेत. एक, यजमानपद फिरतं ठेवा, आणि सहा वर्षांत कुणाकडे किती वेळा गेलं याची यादी जाहीर करा. दोन, वेळापत्रक यजमानांनी करू नये, चिठ्ठ्या सगळ्यांसमोर काढाव्यात. तीन, ५० किलोमीटरपेक्षा लांबून येणाऱ्या संघाचा पहिला सामना अकराच्या आत नको आणि दोन सामन्यांत किमान दोन तास हवेत. चार, गावच्या स्पर्धेत यजमानांना बाय बंद. यातल्या एकालाही पैसे लागत नाहीत.

आपली दोन तालुक्यांची गंमतच आहे. विधानसभा कर्जत, लोकसभा मावळ, सरकारी काम अलिबागला, नोकरी मुंबईला. सगळीकडे आपणच जायचं. याची इतकी सवय झालीय की खेळातही आपल्याला कधी कुणाला बोलवावंसं वाटत नाही.

चौथी मागणी मी माझ्यापासून सुरू करतोय. यंदा आमच्या मंडळाच्या स्पर्धेत आमचा संघ पहिल्या फेरीपासून खेळेल, चिठ्ठीत येईल त्या वेळी, रात्री दोनला आला तर दोनला. तुमच्या मंडळाचं काय, ते खाली लिहा. आणि त्या इमोजीवाल्यांनी एकदा पहाटेच्या गाडीला आमच्याबरोबर यावं. बूट मात्र स्वतःचे आणा, आमच्याकडे सातच जोड आहेत.