मातीच्या नोंदींचे धनी कोण?

१९७२ साली, दुष्काळाच्या छायेत, परभणीस कृषी विद्यापीठ स्थापन झाले. मराठवाड्याची काळी जमीन वरून भेगाळली तरी खोलवर ओल धरून असते; तेथे केवळ नजरेचा अंदाज अपुरा पडतो. २०१४ साली उपलब्ध झालेल्या मायक्रोपायथनमुळे चिमुकल्या मायक्रोकंट्रोलरला आज्ञा देऊन ओलाव्याचा आकडा क्लाउडवर धाडणे आता विद्यार्थ्यांच्याही आवाक्यात आले आहे. मात्र संपर्क तुटल्यास नोंदी यंत्रातच राखून मागाहून पाठविण्याची तजवीज हवी. अन्यथा ऐन उघडिपीतील आकडेच गहाळ व्हायचे. याहून महत्त्वाचा प्रश्न स्वामित्वाचा आहे. शेत जो कसतो, त्याच्या संमतीविना या नोंदी बियाणे वा विमा कंपन्यांच्या हाती जाता कामा नयेत. विद्यापीठाने हा दंडक आधी आपल्याच प्रकल्पांत घालून द्यावा.