अश्वशक्तीची अंधश्रद्धा

परवडणारी सेकंडहँड स्पोर्ट्स कार कोणती घ्यावी, हा प्रश्न मराठी मध्यमवर्गात उघडपणे विचारला जात नाही. गृहकर्ज फिटायच्या आधी चैनीची कबुली दिल्यासारखे ते होते. तरीही तो दबक्या आवाजात विचारला जातो, आणि विचारताक्षणी सल्लागारांचे दोन पक्ष उभे राहतात. पहिला पक्ष वडीलधाऱ्यांचा. 'ॲव्हरेज किती देते?' हा त्यांचा आद्य प्रश्न, 'विकताना किती येतील?' हा दुसरा. दुसरा पक्ष तरुणांचा. त्यांना शून्यापासून शंभरापर्यंत जायला किती सेकंद लागतात ते तोंडपाठ असते, आणि दहा-बारा वर्षांची जर्मन कूपे नव्या मारुतीच्या भावात मिळत असताना दुसरे काही घेणारा माणूस त्यांना अडाणी वाटतो. हे दोन पक्ष दिवाळीच्या फराळाला एकमेकांशी कडाकडा भांडतात. पण आमच्या मते ते एकाच पंथाचे अनुयायी आहेत. दोघांनाही गाडी म्हणजे एक आकडा वाटतो. ती वळणावर कशी वागते, ब्रेक दाबताना पायाला काय सांगते, याविषयी दोघांपैकी एकालाही कुतूहल नाही.

मुळात 'स्पोर्ट्स' या शब्दाचीच आपल्याकडे दुर्दशा झालेली आहे. मागच्या काचेखाली एक लाल अक्षर, सीटांना लाल दोऱ्याची शिलाई आणि बूटावर एक निरुपयोगी पंख लावला की कोणतीही कुटुंबवत्सल हॅचबॅक 'स्पोर्ट' होते. इंजिन तेच, शॉकअप तेच, किंमत तेवढी वाढलेली. साहित्यात जसे 'बंडखोर' हे विशेषण प्रकाशकाच्या मलपृष्ठावर जन्मते आणि तिथेच मरते, तसेच हे. त्यामुळे शब्दाचा अर्थ आधी ठरवून घेणे भाग आहे.

१९८९ सालच्या फेब्रुवारीत शिकागोच्या वाहनप्रदर्शनात माझदा या जपानी कंपनीने एमएक्स-५ नावाची एक छोटी, दोन आसनांची, उघड्या छपराची गाडी मांडली. इंजिन अवघे १.६ लिटरचे, ताकद एकशे सोळा अश्वशक्तीच्या आसपास, वजन टनाहून थोडे कमी. आजच्या एखाद्या बोजड एसयूव्हीपुढे हे आकडे किरकोळ वाटतील. तिच्यामागची प्रेरणा १९६२ च्या लोटस इलानसारख्या ब्रिटिश गाड्यांची होती. इलानचे वजन तर सातशे किलोच्याही आत होते. फरक इतकाच की ब्रिटिश गाड्या वाहनतळावर तेलाची रांगोळी काढीत आणि ही जपानी गाडी रोज सकाळी निमूटपणे चालू होई. माझदाच्या अभियंत्यांपुढचा आदर्श होता घोडा आणि स्वार एकजीव होण्याचा. २०१६ पर्यंत अशा दहा लाख गाड्या तयार झाल्या. स्पोर्ट्स कार या शब्दाची आमच्या मते हीच व्याख्या: जी हलकी आहे, जी चालवणाऱ्याचे ऐकते, आणि जी कायदा न मोडताही मजा देते.

लंडन किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या आमच्या वाचकांनी इथेच थांबायला हरकत नाही. त्यांनी जुनी एमएक्स-५ घ्यावी, मात्र दरवाज्याखालची सिल गंजली आहे का हे गुडघे टेकून पाहावे, आणि आमचे आभार मानावेत. भारतात ही गाडी अधिकृतपणे कधी विकली गेली नाही. परदेशातून वापरलेली आणावी, तर तीन वर्षांहून जुनी चालत नाही, आणि जकात अशी की गाडीची किंमत दुपटीच्याही पुढे जाते. तेव्हा इथल्या हौशी माणसाला इथल्याच बाजारात उतरावे लागते.

आणि या बाजारात त्याची पहिली गाठ पडते ती स्वस्त झालेल्या श्रीमंतीशी. चाळीस-पन्नास लाखांची गाडी बारा वर्षांनी आठ-दहा लाखांवर येते, तेव्हा घेणाऱ्याला वाटते की नशीब फळफळले. इथे एक साधा हिशेब मांडावासा वाटतो. घसारा गाडीच्या किमतीला लागतो; तिच्या सुट्या भागांना लागत नाही. ब्रेकच्या डिस्क, मागचे रुंद टायर, एअरकंडिशनचा काँप्रेसर, हेडलाइटचा संपूर्ण साचा, या साऱ्यांची किंमत गाडी पन्नास लाखांची आहे असे समजूनच आकारली जाते. मेकॅनिकची मजुरीही गाडीचा लोगो पाहूनच ठरते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण ज्याने रचली, त्याने जर्मन कूपे पाहिली नव्हती, पण तिचे अर्थशास्त्र त्याला अचूक उमगले होते. गाडी घेण्याची ऐपत आणि गाडी ठेवण्याची ऐपत या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि 'परवडणारी' हे विशेषण दुसरीलाच लावायला हवे. 'हौसेला मोल नसते' हे सुभाषित ऐकवणारा माणूस बहुधा विकणारा असतो.

याच बाजाराचा एक पोटभाग म्हणजे दिल्लीची गाडी. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशांनंतर दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर गदा आली. २०२५ मध्ये न्यायालयाने त्या बंधनात काही फेरफार केले. पण तोवर तिकडच्या कितीतरी आलिशान गाड्या स्वस्तात इकडे उतरल्या होत्या. भाव ऐकून भुलणाऱ्याने ध्यानात ठेवावे की परराज्यातील गाडी बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ इथे ठेवायची तर एनओसी आणून नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा रस्ता कर भरावा लागतो. एजंट हा खर्च 'नंतर बघू' या सदरात टाकतो.

मग घ्यावे काय? इथे आमचा पक्षपात उघड आहे: हलकी, मॅन्युअल गिअरची, साध्या यंत्ररचनेची आणि शक्यतो गल्लीतल्या मेकॅनिकला ओळखीची गाडी. वानगीदाखल मारुती एस्टीम घ्या. तिच्या शेवटच्या काळातल्या सोळा व्हॉल्व्हच्या १.३ लिटर इंजिनाची ताकद पंच्याऐंशी अश्वशक्ती, वजन पावणेनऊशे किलोच्या आसपास. चाकणच्या कारखान्यातून २०१३ पासून निघालेल्या फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयची ताकद एकशे पाच, वजन अकराशे किलोच्या घरात. भागाकार करून पाहा: दर टनामागे दोघींच्याही वाट्याला साधारण तेवढीच ताकद येते. बँकेतल्या साहेबांची म्हणून जिला आपण आयुष्यभर हिणवले, ती डबा गाडी भारतीय रॅलींमध्ये वर्षानुवर्षे धावत होती, ती काही केवळ गरिबीपोटी नव्हे.

किंवा पॅलिओ १.६ घ्या. २००१ साली फियाटने कुर्ल्याच्या कारखान्यातून काढलेली ही शंभर अश्वशक्तीची हॅचबॅक तिच्या काळात चमत्कारच होती. स्टिअरिंगला वजन होते, खड्ड्यांतून जाताना शरीर घट्ट राहत असे. 'पेट्रोल पिते' एवढ्या एका वाक्याने ती मेली. हे वाक्य वडीलधाऱ्यांच्या पक्षाचे, आणि त्याचे पाप त्यांच्याच माथी आहे. तिची जाहिरात करीत होता सचिन तेंडुलकर. त्याच्या नावाची एस-१० आवृत्तीही निघाली. त्याच सचिनने २००२ मध्ये ब्रॅडमनच्या एकोणतीस शतकांशी बरोबरी केली म्हणून फियाटने त्याला फेरारी ३६० मोडेना भेट दिली, २००३ मध्ये सरकारने तिची जकात माफ केली, गदारोळ झाला आणि अखेर जकात फियाटनेच भरली. २०११ मध्ये सचिनने ती सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली. म्हणजे महाराष्ट्रातली सर्वांत गाजलेली सेकंडहँड स्पोर्ट्स कार गुजरातेत गेली. या प्रकरणावर मराठी माणूस तासभर बोलू शकतो. त्याच कंपनीची, त्याच सचिनने हाती दिलेली, आपल्याला खरोखर घेता आली असती अशी गाडी मात्र आपण ॲव्हरेजच्या तराजूत तोलून भंगारात घातली.

होंडा सिटीची २००३ पूर्वीची १.५ व्हीटेकही याच कुळातली. एकशे सहा अश्वशक्तीचे ते इंजिन सहा हजार फेऱ्यांच्या पुढे असे काही गाते की सोबतच्या माणसाने बोलणे थांबवावे. रांजणगावला तयार झालेली, २०१५ ची अबार्थ पुंटो तर एकशे पंचेचाळीस अश्वशक्तीची आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक असलेली. पण फियाटने इथली विक्री बंद करून काही वर्षे लोटली आहेत, सुटे भाग शोधत हिंडावे लागते. ती ज्याला आधीच एक दुसरी, रोजची गाडी आहे त्याच्यासाठी.

इथे विरोधकांचा एक आक्षेप खरोखर वजनदार आहे आणि तो आम्ही टाळणार नाही. एस्टीम आणि तिच्या पिढीतल्या बहुतेक गाड्यांना एअरबॅग नाहीत, एबीएस नाही. हलकेपणाचा काही भाग या नसण्यातूनच आलेला आहे. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतीय पोलोची धडक-चाचणी घेतली, तेव्हा एअरबॅगविना तिला प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले आणि दोन एअरबॅगसह चार. शिवाय पंधरा वर्षांनंतर फेरनोंदणी आली: २०२२ पासून तिचे शुल्क सहाशेवरून पाच हजारांवर गेले, वीस वर्षे उलटलेल्या गाडीला २०२५ पासून दहा हजार, आणि पर्यावरण कर निराळा. तेव्हा ज्याच्या घरी एकच गाडी असणार आहे, ज्यात मुलेही बसणार आहेत, त्याने आमच्या स्मरणरंजनाला बळी पडू नये. त्याच्यासाठी आमची शिफारस २०२० नंतरची पोलो १.० टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल. तिची ताकद एकशे दहा आहे. अधिक प्रसिद्ध असलेल्या जीटीची नको, कारण तिच्यातल्या सुक्या क्लचच्या सात-गिअरी स्वयंचलित पेटीचे मेकॅट्रॉनिक बिघडले की खर्च हजारांत न मोजता लाखांत मोजावा लागतो. तरुण मंडळी नेमकी जीटीच मागतात, बूटावरच्या दोन अक्षरांसाठी.

त्यातही टाळावी ती 'रिमॅप' केलेली. संगणकाचा कार्यक्रम बदलून वीस-तीस अश्वशक्ती वाढवलेली गाडी म्हणजे आधीच्या मालकाने आयुष्य काढून घेतलेली गाडी. क्लच आणि टर्बो त्या वाढीसाठी बनलेले नसतात. आणि कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. विम्याचा दावा करायची वेळ आली की कंपनीला हा निकाल बरोबर आठवतो.

१९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात पोर्शे गाडीच्या धडकेत दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते ठार झाले. तेव्हापासून मराठीत स्पोर्ट्स कारविषयी चांगले बोलणे अशिष्ट ठरले आहे, आणि तो संताप आम्हांला पूर्ण मान्य आहे. किंबहुना त्या संतापाची दिशा आमच्याच बाजूची आहे. ज्या गाडीची मजा दोनशेच्या पुढेच सुरू होते, ती शहरात आणणे हाच मूळ अविचार. ताम्हिणीच्या किंवा आंबोलीच्या घाटात, रिकाम्या रस्त्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये पन्नासच्या वेगाने वळण घेताना एस्टीमच्या चाकांतून हातांना जे कळते, ते कळायला मोठ्या कूपेला जीवघेण्या वेगात जावे लागते. आनंदासाठी ज्याला कमी वेग पुरतो, तो रस्त्यावरच्या इतरांनाही कमी धोकादायक असतो, हे आकड्यांच्या पक्षाला आम्ही किती वेळा सांगावे?

पारखण्याविषयी थोडे. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचावेत: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गाडी 'फक्त वीस हजार चाललेली' आणि टायर मात्र दुसऱ्यांदा बदललेले, तर मीटर मागे फिरवलेले आहे असे समजावे. गालिचा उचलून सीटच्या रुळांखाली बोट फिरवावे. २००५ च्या मुंबईच्या किंवा २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरातून निघालेल्या गाडीचा गाळ पॉलिशने जात नाही. 'डॉक्टरची गाडी आहे' यावर विश्वास ठेवू नये. महाराष्ट्रात इतके डॉक्टर नाहीत. टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याची पावती मागावी, आणि पावती नसेल तर त्या खर्चाइतका भाव पाडावा. आणि इंजिन थंड असतानाच चालू करून पाहावे, कारण गार इंजिन खोटे बोलत नाही. विकणाऱ्याने तुम्ही पोचायच्या आधीच ते तापवून ठेवलेले आढळले, तर वाद घालू नये. चहा घ्यावा, पाऊसपाण्याच्या गप्पा माराव्यात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता न कळवता परत जावे.